अप्पांच्या मोटारीची तांब्याची नळी

आधीच माफी मागतो. लिहिणारी माणसं वेगळी असतात आणि मी त्यांच्यातला नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझ्याआधी आमच्याकडे लिहिणं म्हणजे दुरुस्तीला आलेल्या स्टोच्या टाकीवर खडूनं गिऱ्हाइकाचं नाव टाकणं, तेवढंच. मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी आहे. प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती असं ओळीनं मांडायची मला सवय. इथं तसं जमणार नाही, कारण जे सांगायचं आहे ते ओळीनं आठवतच नाही. वार्षिकांकाचं काम बघणारे सर म्हणाले, "तू लिही, शुद्धलेखन मी बघतो." त्या भरवशावर हे धाडस केलं आहे.

दिवाळीच्या सुट्टीत गावी, दिंद्रुडला गेलो होतो. पेठेच्या मागच्या गल्लीत मन्मथअप्पांचा मोटारखाना आहे. आता तिथं खताची पोती असतात. दार अर्धं उघडं होतं म्हणून सहज आत डोकावलो. युरियाचा नाकात झोंबणारा वास होता, पोत्यांच्या सुतळीचा होता, उंदरांचाही होता. पण त्या सगळ्यांच्या खाली, शहाबादी फरशीच्या सांध्यांतून वर येणारा आणखी एक वास होता. पेट्रोलचा. पाच वर्षं तिथं मोटार नाही. तरी तो गेला नव्हता. हमाल म्हणाला, "काय पायजे?" मी म्हणालो, "काही न्हाई." आणि तिथंच उभा राहिलो.

मोटार गडद हिरव्या रंगाची होती, तुरीच्या पानासारखी. पुढची दोन मडगार्डं थंडीत खांदे वर करून बसलेल्या माणसासारखी दिसायची. निजामाच्या वेळचे कोणी जहागीरदार हैदराबादला कायमचे निघून गेले, तेव्हा अप्पांच्या वडलांनी ती त्यांच्याकडून घेतली होती. पुढच्या जाळीवर पितळी अक्षरांत काहीतरी नाव होतं. त्यातली निम्मी अक्षरं गळून पडली होती, त्यामुळं ते नाव कुणी वाचत नसे. गावाला ती 'अप्पांची मोटार' एवढीच माहीत. उजव्या बाजूला रबरी भोंगा. आतल्या सीटांना जुन्या चामड्याचा आणि विभूतीचा मिळून वास यायचा. कारण अप्पा रोज सकाळी पूजा आटोपली की स्वतःच्या कपाळाला लावून उरलेली विभूती घेऊन मोटारखान्यात येत आणि बॉनेटवर तीन आडवी बोटं ओढत. पांढरे तीन पट्टे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच मोटारींना कपाळ असतं.

दर कार्तिकात मोटार कपिलधारला जायची. अप्पांच्या घरचा हा रिवाज गावात दुसऱ्या कुणाचा नव्हता. बैलाला पोळा, तसं मोटारीला कपिलधार. पौर्णिमेच्या यात्रेला अप्पा स्वतः चालवत जायचे, धबधब्याचं पाणी तांब्याच्या दोन घागरींत भरून आणायचे आणि रेडिएटरमधलं जुनं पाणी काढून ते नवं घालायचे. वर्षभर त्या मोटारीच्या पोटात कपिलधारचं पाणी खेळायचं. कमी पडलं तर घागरीतलंच, विहिरीचं नाही. आम्ही पोरं परतीची वाट बघत वेशीजवळ थांबायचो. ज्वारी पोटरीत आलेली असायची. कापसाच्या वेचणीहून बायका परतायच्या, त्यांच्या ओट्यांमधून कापूस सांडायचा. मग लांबून तो भोंगा यायचा. सगळ्यात आधी कुत्री उठायची.

माझे वडील नामदेव, ज्यांना मी आबा म्हणतो, ते आठवडी बाजारात स्टो दुरुस्त करतात. पिंपळाखाली पोतं अंथरायचं, पुढं नॉझल साफ करायच्या पिना, चामड्याचे वायसर, पितळी बर्नर, सांध्यांना कथलाची झाळ द्यायचा खिळा आणि नवसागराची डबी. आजोबा भांड्यांना कल्हई करायचे. भांडी स्टीलची झाली तेव्हा आबा स्टोकडं वळले. मी बारावीत असताना गावात गॅसच्या शेगड्या यायला लागल्या होत्या. पेठेत टेलिफोनचं पिवळ्या पाटीचं दुकान निघालं, घरांवर टीव्हीच्या तबकड्या आल्या, आणि पिंपळाखाली येणाऱ्या स्टोंची रांग आखूड होत गेली. आबा त्याबद्दल बोलत नसत. पितळ आणि तांबं हातात घेतलं की मात्र ते बोलायचे. "लोखंड मुकं असतंय," म्हणायचे, "पितळ सांगतं किती आवळायचं ते."

त्यांच्या अंगाला रॉकेलचा वास असायचा. तो वास मला कॉलेजात नको वाटायचा, हेही लिहून टाकतो.

मी परळीला पहिल्या वर्षाला होतो. परळीत सगळ्यावर राख असायची. खोलीच्या खिडकीत, वहीच्या पानांत, वाळत घातलेल्या बनियनवर, सगळीकडे औष्णिक केंद्राची मऊ करडी राख. त्या राखेतून सुट्टीला दिंद्रुडला आलं की झाडांचा हिरवा रंग डोळ्यांना जरा जास्तच वाटायचा. त्या कार्तिकात तसाच आलो होतो. पौर्णिमा चार दिवसांवर होती आणि अप्पांची मोटार बंद होती.

अप्पा तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढं गेलेले. दसऱ्यापासून त्यांनी अंथरूण धरलं होतं. बीडच्या डॉक्टरांनी हृदय थकलंय असं सांगितलेलं. अप्पांचं एकच म्हणणं होतं, एकदा कपिलधारला जाऊन येऊ द्या. थोरले चिरंजीव बसवराज जीप घेऊन तयार होते. पण अप्पा जीपकडं बघायला तयार नव्हते.

"जीपमंदी बसून जायला ते काय मोंढ्याचा बाजार हाय का?" अप्पा म्हणाले. "जायाचं तर हिच्यातूनच. हिलाबी पाणी बदलायचंय."

"अप्पा, पेट्रोलची नळी तुटलीय. परळीचा मिस्त्री म्हणला, तसला नट आता मिळत न्हाई. हैदराबादला धुंडावं लागंल. महिना लागंल."

"महिना तुला हाय रे. मला न्हाई."

मग बसवराजांच्या बहिणीनं, गोदाक्कानं, आबांना बोलावलं.

गोदाक्काबद्दल सांगायला हवं. नवरा वारल्यावर त्या माहेरी आल्या होत्या. तेव्हा पस्तिशीच्या असतील. अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तसं अप्पांनी मुलांना नाही, ह्या मुलीला मोटार शिकवली. पदर कमरेला खोचून, पाठीमागं उशी घेऊन त्या पेठेतून मोटार काढायच्या तेव्हा पानाच्या टपरीवरचे लोक गप्प बसत नसत.

"गोदाक्का, दिल्लीला निघालात का?"

"हो. तुला वडवणीला सोडू? तुझी बायको तिथंच वाट बघतीय म्हणं, माहेरी जाऊन."

त्यावर बाकीचे त्याच्यावर हसायचे आणि तो पुढं महिनाभर तोंड लपवायचा. अकरावीचा माझा प्रवेश अर्ज गोदाक्कांनी भरून दिला होता. 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यापाशी मी अडखळलो तर म्हणाल्या, "लिही की. स्टो दुरुस्ती. लाज वाटती काय? अर्ध्या गावाचा चहा त्यांच्यामुळं उकळतो."

तर आम्ही बापलेक मोटारखान्यात गेलो. सकाळचं ऊन तिरपं आत आलं होतं. आबांनी बॉनेट उघडलं आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले. मागच्या टाकीपासून तांब्याची बोटभर जाड नळी पुढं येऊन पंपाला मिळत होती. तिथला पितळी नट उभा चिरला होता, आणि नळीचं तोंड, जे कर्ण्यासारखं फाकवलेलं असतं, ते एका बाजूनं फाटलं होतं.

"नामदेवा, कावून गप हायेस?" अप्पांनी बाजेवरून विचारलं. त्यांची बाज मोटारखान्याच्या दारात आणून ठेवली होती.

"अप्पा, स्टो येगळा आन् ही येगळी."

"काय येगळं? तोबी पेटतो, हीबी पेटती. त्याच्यावर चहा, हिच्यावर मी."

आबा हसले आणि पोतं अंथरून बसले.

पुढचा दिवसभराचा वेळ माझ्या मनात एखाद्या लांबलचक दुपारसारखा पसरलेला आहे. आबांनी नट काढला, वाळूनं घासला, चिरेवर तांब्याची बारीक तार गुंडाळली. खिळा निखाऱ्यात लाल झाला. नवसागराच्या खड्यावर टेकवला की पांढरा धूर उठायचा, आंबटसर, घशात बसणारा, तरी हवासा वाटणारा. मग कथलाची झाळ पारा धावावा तशी तारेच्या वेढ्यांमधून धावत गेली आणि एकदम थिजली. नळीचं फाटलेलं तोंड त्यांनी करवतीनं कापून टाकलं, टोक लाल करून पाण्यात बुडवलं. चर्र. "आता लोण्यावानी झालं बघ," म्हणाले. टोकदार लाकडी खुंटी तोंडात घालून हलक्या हातानं ठोकत ठोकत त्यांनी नवा कर्णा फाकवला. ठक, ठक, ठक. अप्पा त्या तालावर झोपी गेले होते. गोदाक्का त्यांच्यावर पदरानं वारा घालत होत्या, माशा नव्हत्या तरी.

संध्याकाळी नळी जोडली. आबांनी त्यांच्या रिवाजाप्रमाणं सांध्याला साबणाचा फेस लावला. स्टोला हवा भरून फेस लावला की जिथं गळती असेल तिथं फुगा येतो. इंजिन चालू करून आम्ही बघत राहिलो. फुगा आला नाही. ओल नाही, थेंब नाही. आबांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला.

दुसऱ्या दिवशी गोदाक्कांनी मोटार बाहेर काढली. वेशीपर्यंत गेली आणि खोकत खोकत थांबली. थोडा वेळ गेला की पुन्हा सुरू व्हायची, पुन्हा थांबायची. चार जणांनी ढकलत आणली. टपरीवरचा एकजण म्हणाला, "काय बे, पिन मारली का न्हाई हिला?" आबांनी मान वर केली नाही. पुन्हा सांधा बघितला, पुन्हा फेस लावला. कोरडा. "थेंब न्हाई, वास न्हाई," ते स्वतःशीच म्हणत होते, "मग पेट्रोल जातंय कुठं?"

मी वाकून त्या फेसाकडं बघत होतो. इंजिन चालू होतं. फेसाला फुगा येत नव्हता हे खरं. पण एका जागी त्याला खळी पडत होती. बारीक, गालाला पडते तशी. पडायची, बुजायची, पुन्हा पडायची.

मला सांगायला धीर होईना. पितळाच्या कामात आबांना काही सांगायचं म्हणजे मासोळीला पोहणं शिकवण्यासारखं. शेवटी कसंबसं म्हणालो, "आबा, पेट्रोल बाहेर येत न्हाई. हवा आत जाती."

"आत? आत कशी जाईल?"

"स्टोमधून रॉकेल ढकललं जातं. हिचा पंप ओढतो. टाकी खाली हाय, पंप वर. आपण भाईर बघायलोत, आन् ती आतून..."

पुस्तकातली वाक्यं आठवत होती, पण आबांसमोर ती बोलायची लाज वाटली. मग परसातल्या पपईच्या पानाचा एक देठ तोडून आणला. लहानपणी सगळेच त्या पोकळ देठानं पाणी ओढतात. तांब्यातलं पाणी ओढून दाखवलं. मग वरच्या अंगाला नखानं बारीक चीर पाडली आणि पुन्हा ओढलं. गुळगुळ आवाज झाला, तोंडात नुसती हवा. चिरेतून पाण्याचा एक थेंबही बाहेर आला नव्हता.

आबांनी देठ माझ्या हातातून घेतला. स्वतः ओढून पाहिलं. चिरेवर बोट ठेवून ओढलं, बोट काढून ओढलं. तीन-चार वेळा. एवढा मोठा माणूस पपईचा देठ तोंडात धरून उकिडवा बसलेला, आणि गोदाक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"वीस वर्सं मी नुसतं भाईरच बघत आलो की रं," आबा म्हणाले. रागानं नाही. नवलानं.

अप्पा बाजेवरून म्हणाले, "पोरगं कामाचं निघालं, नामदेवा. फी वाया गेली न्हाई."

मग आबांनी नळीचं तोंड पुन्हा नव्यानं फाकवलं, या वेळी आरशासारखं घासून. सुती दोरा धुण्याच्या साबणात घोळून नटाखाली वेढला. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि मला पुस्तकातून ठाऊक होतं. माझी बोटं बारीक म्हणून नट मी आवळला. आबा कान देऊन होते. "बास," म्हणाले. "पितळ बोललं. आता हात काढ." फेस लावला. इंजिन सुरू केलं. आम्ही दोघं डोकं डोक्याला लावून बघत राहिलो. खळी पडली नाही.

आबा हात धुवायला गेले तेव्हा मी पाना परत लावला आणि नटाला आणखी पाव फेरा दिला. का दिला ते अजून सांगता येत नाही. भीती वाटली एवढंच. अप्पा त्या गाडीतून जाणार होते.

पौर्णिमेच्या सकाळी ती निघाली. थंडी होती. गोदाक्कांनी डोक्याला शाल बांधली होती. अप्पा मागच्या सीटवर, गुडघ्यांवर घोंगडी. बॉनेटवर त्यांनी स्वतः बोटं ओढली होती. पट्टे नागमोडी झाले होते. बसवराज दारात आले नाहीत. अप्पांनी आबांना जवळ बोलावून खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाले. ते आबांनी मला कधी सांगितलं नाही. मग भोंगा वाजला. तेलगावच्या रस्त्यानं धुक्यात ती हिरवी पाठ लहान होत गेली, तुरीच्या शेतांमध्ये मिसळली आणि कुठली तूर, कुठली मोटार, ते कळेनासं झालं.

त्याच दुपारी मी एसटीनं परळीला गेलो. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं.

चार दिवसांनी कळलं की अप्पा गेले. वडवणीच्या जवळ रस्त्याकडेला, मोटारीतच. आमच्या गावच्या एका कंडक्टरनं बसमधून मोटार पाहिली होती. लिंबाखाली उभी, बॉनेट उघडं. त्यानं दिंद्रुडला येऊन सांगितलं, तशी बसवराज जीप घेऊन धावले आणि अप्पांना घेऊन आले. "ती गाडी परत दारात दिसली न्हाई पायजे," असं त्यांनी बहिणीला तिथंच सुनावलं म्हणतात. आठवड्याभरात गोदाक्का गाव सोडून गेल्या. कुणी म्हणालं उदगीरला, कुणी म्हणालं बिदरला, मामांकडं. मोटारही त्यांनीच नेली. भावांशी बोलणं तुटलं.

गावात मात्र एक वाक्य राहिलं: स्टोवाल्यानं जोडलेली नळी तुटली, म्हातारा कपिलधारला न पोचता रस्त्यावर गेला.

कुणी आबांना तोंडावर बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. अप्पांच्या मातीला आबा गेले आणि सगळ्यांच्या मागं, बांधावर उभे राहिले. त्यानंतर त्यांनी कुठल्याही गाडीला हात लावला नाही. ट्रॅक्टरवाले यायचे, नळी घेऊन यायचे, आबा म्हणायचे, "मला जमत न्हाई." स्टोला झाळ दिली तरी तीनदा फेस लावून बघायचे. गिऱ्हाईक कंटाळायचं. मी सुट्टीला आलो की जेवता जेवता विचारायचे, "काय कळलं का रं?" कशाबद्दल ते सांगायची गरज नसायची. मी मान हलवायचो. त्यांना वाटायचं झाळ सुटली. मला वाटायचं, माझ्या पाव फेऱ्यानं चीर पुन्हा उकलली. दोघांपैकी कुणी ते बोललं नाही. परळीला पदवी झाली, मी विद्यापीठात आलो, इथल्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांचे सांधे जोडताना मी अजून सुद्धा शेवटचा फेरा देत नाही. मुलं हसतात.

गोदाक्कांना विचारता आलं असतं. पण विचारलं आणि 'हो' आलं तर?

त्या दिवाळीत मोटारखान्यासमोर उभा होतो तेव्हा पोस्टमनकाका सायकल ढकलत आले. इकडची तिकडची चौकशी झाली. मी मोटारीचं नाव काढलं. ते म्हणाले, "आक्काची राखी येती की दरसाल, श्रावणात. बसवराजअण्णा फोडत न्हाईत, कोनाड्यात टाकून देतात. पाकिटावर पत्ता असतो." तो त्यांना पाठ होता. उदगीरच्या बाजूचं एक गाव, शाळेजवळ, शिवणाचा क्लास.

हॉस्टेलवर परत आल्यावर मी पत्र लिहिलं. सहा कागद फाडले. शेवटी चार ओळींत झाळीचं विचारलं, पाव फेऱ्याचं सांगितलं आणि पेटीत टाकून आलो. थंडी संपली. बोरं गेली, विद्यापीठाच्या रस्त्यावरचे पळस फुलले. उत्तर आलं नाही. नाही येणार असं धरून चाललो होतो. तेव्हा एक दिवस खोलीच्या दारातून आत सरकवलेलं निळं अंतर्देशीय पत्र दिसलं.

मी ते उभ्यानं वाचलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं दिंद्रुडला गेलो. बाजार होता. आबा पिंपळाखाली बसले होते, समोर दोनच स्टो. मला अवेळी आलेला बघून त्यांनी हातातला पंप खाली ठेवला. मी पोत्यावर त्यांच्या शेजारी बसलो आणि वाचायला सुरुवात केली.

"तुझं पत्र मिळालं. नळीला काही झालं नव्हतं. जाताना नाही, येताना नाही."

आबा म्हणाले, "परत वाच."

परत वाचलं. मग पुढचं.

"अप्पा कपिलधारला पोचले. धबधब्याजवळ दगडावर बसले, पाणी स्वतः घागरीत धरलं, मला भरू दिलं नाही. रेडिएटरचं पाणी बदललं. तू जादा फेरा दिलास म्हणतोस, त्यानं बरं झालं का वाईट ते मला समजत नाही, पण नट जागचा हलला नाही. आजही तोच आहे."

"कसला फेरा?" आबांनी विचारलं.

मी सांगितलं. ते पिंपळाच्या मुळाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मीबी दिलता एक. सकाळी, तुमी उठायच्या आधी. भ्या वाटलं."

बाजूला मिरच्यांचं माप चाललं होतं. मग मी उरलेलं वाचलं.

"येताना वडवणीपाशी गाडी थांबली ती पेट्रोल संपलं म्हणून. निघताना मी टाकी बघितलीच नव्हती. आधी बॉनेट उघडून नळी चाचपली, मग टाकीत काडी घातली, ती कोरडी आली. गाडी लोटून लिंबाखाली घेतली. अप्पा झोपले होते. मी एका ट्रकला हात करून वडवणीला गेले आणि डबा भरून आणला. तोवर ते गेले होते. तेवढ्यात भाऊ आले. माझ्या हातात डबा होता. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गाडी बंद पडली, एवढंच म्हणाले. ते सगळे गेल्यावर एकटीनं डबा ओतला आणि गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. मी टाकी बघितली असती तर अप्पा घरी गेले असते, निदान घरी. हे मी आजवर कुणाला बोलले नाही. गावात तुमच्या नळीचं नाव निघतं हे मला खरंच माहीत नव्हतं. नामदेवभाऊंना वाचून दाखव."

मी पत्राची घडी घातली. आबांनी पंप उचलला, त्यातला चामड्याचा वायसर काढून तेलात बुडवला, पुन्हा काढला.

"पाच वर्सं बाईनं एकलीनं धरून ठिवलं," ते म्हणाले. "तिला आजच लिही. म्हणावं, पेट्रोल कुणाचंबी संपतंय."